डब्लिनची गल्ली आणि आमची चाळ



ज्या व्यासपीठावर मोठमोठे पंडित बोलून गेले, तेथे आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे, हे थोडे धाडसच आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातील पुस्तकांनी केले. तेव्हा येथे विद्वत्तेची अपेक्षा कृपा करून ठेवू नये. पाहिलेले, वाचलेले आणि भोगलेले, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

2019 साली कामगारांच्या एका शिष्टमंडळाबरोबर आम्हांला आयर्लंडला जाण्याचा योग आला. डब्लिन शहरातील हेन्रिएटा स्ट्रीटवरचे 14 क्रमांकाचे घर तेथे पाहिले. 2018 पासून त्याचे संग्रहालय झाले आहे. अठराव्या शतकात उमरावांसाठी बांधलेला तो वाडा. उंच छत, रुंद जिना, भिंतींवर चुन्याची नक्षी. पुढे 1801 पासून आयर्लंडचे पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटात विलीन झाले, उमराव हळूहळू निघून गेले, आणि त्या वाड्यांच्या खोल्या पाडून मालकांनी त्या गरिबांना भाड्याने दिल्या. 1911 च्या जनगणनेच्या वेळी या एका घरात शंभर माणसे राहत होती. जेथे एका कुटुंबाचे दिवाणखाने होते, तेथे सतरा कुटुंबांच्या चुली पेटत होत्या. 1914 सालच्या सरकारी चौकशीत असे आढळले की डब्लिनमध्ये वीस हजारांहून अधिक कुटुंबे एकेका खोलीत संसार करीत होती.

त्या जिन्यावर उभे राहिलो आणि क्षणभर आम्ही लालबागच्या आमच्या चाळीत आहोत असे वाटले. दहा बाय बाराची खोली, सामायिक नळ, सामायिक संडास, आणि रात्री जिन्याखालीसुद्धा झोपलेली माणसे. देश वेगळा, धर्म वेगळा, हवा वेगळी. पण दारिद्र्याचा नकाशा एकच!

त्या गल्ल्यांतील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी केविन कर्न्स नावाच्या अभ्यासकाने गोळा करून 1994 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना किती ओळखीच्या गोष्टी भेटतात! गल्लीत एखादी अनुभवी बाई असे. बाळंतपण तीच करी आणि घरात कोणी वारले तर प्रेताला आंघोळ घालून कपडेही तीच चढवी. येताना आणि जाताना माणसाला हात लागे तो तिचाच. मयताच्या घरी शेजारी रात्रभर बसत. चहा होई, तंबाखू होई, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघत, कधी हसणेही होई. नवऱ्याचा रविवारचा चांगला सूट सोमवारी गहाणवटीच्या दुकानात जाई आणि पगार झाला की शनिवारी सुटून येई, म्हणजे रविवारी प्रार्थनेला तो अंगावर असे. आमच्या चाळीत सुटाऐवजी तांब्याचा हंडा जात असे, फरक एवढाच. आणि संसार कोण चालवी? तर बायका. मूर स्ट्रीटवर भाजी आणि मासळी विकून बायकांनी कुटुंबेच्या कुटुंबे पोसली. आमच्याकडे खानावळवाल्या बायकांनी नाही का पोसली?

गोदीतील मजुराची स्थिती पाहा. रोज सकाळी मजूर घोळक्याने उभे राहत, मुकादम नावे पुकारी. नाव आले तर काम, नाही तर हात हलवीत घरी. काही मुकादम तर मजुरी दारूच्या गुत्त्यात वाटत. म्हणजे पैसा घरी पोचण्यापूर्वीच त्याला वाट फुटे. ही चाल मोडण्यासाठी जिम लार्किन या पुढाऱ्याने झुंज घेतली. 1909 साली त्याने वाहतूक कामगारांची युनियन काढली. ऑगस्ट 1913 मध्ये विल्यम मार्टिन मर्फी या ट्राम कंपनीच्या मालकाशी तंटा पेटला आणि शहरातील मालकांनी एकजूट करून कामगारांपुढे एक कागद ठेवला: 'या युनियनशी आमचा संबंध नाही, अशी सही करा, नाही तर चालते व्हा.' सुमारे वीस हजार कामगार रस्त्यावर आले.

त्याच धामधुमीत, 2 सप्टेंबर 1913 रोजी, चर्च स्ट्रीटवरील अशी दोन जुनाट घरे कोसळली आणि सात माणसे दगावली. त्यांत सतरा वर्षांचा एक मुलगा होता. टाळेबंदीत त्याचेही काम गेले होते. भावंडांना बाहेर काढता काढता, धाकट्या बहिणीसाठी तो परत आत गेला, तो तेथेच राहिला. कारखान्यातील प्रश्न आणि राहत्या घराचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत, ही गोष्ट त्या मुलाच्या मरणाइतकी दुसऱ्या कशानेही आम्हांला पटलेली नाही.

लढा पाच महिने टिकला. ब्रिटिश कामगारांनी धान्याने भरलेली जहाजे पाठविली, युनियनच्या लिबर्टी हॉलमध्ये सूप शिजले. पण खरा किल्ला गल्लीने लढविला. अखेर 1914 च्या आरंभी उपासमारीने कामगार परत कामावर गेले. लढा हरला, युनियन मात्र मेली नाही.

आता आमची गोष्ट. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाख कामगार बाहेर. चाळीने एकमेकांना जगविले, हे आम्ही शेकडो सभांतून सांगितले आहे. जे सांगितले नाही, ते आज सांगतो. दुसऱ्या वर्षी आमच्या शेजारचे एक गृहस्थ कामावर गेले. त्यांच्या घरी दुखणे होते. चाळीने त्यांच्याशी बोलणे टाकले; त्यांच्या बायकोचा हंडा नळाच्या रांगेतून मागे सारला जाई. त्यांचा मुलगा आमचा सोबती. आम्ही त्याला खेळात घेणे बंद केले. ते गृहस्थ पुढे वारले, तेव्हा संपात अखेरपर्यंत राहिलेले आमचे वडील एकटे खाली उतरले आणि त्यांनी तिरडीला खांदा दिला. त्या दिवशी आम्ही गॅलरीतून नुसते पाहत उभे राहिलो. बंधूंनो, एकोप्याची ही दुसरी बाजू आहे. डब्लिनच्या गल्लीतही फितुराला क्षमा नव्हती. जी गल्ली माणसाला उचलून धरते, तीच त्याला चिरडूही शकते.

एकदा आम्ही घरी चाळीचे फार गोडवे गात होतो. आई म्हणाली, "आरं, येवढं ग्वाड हुतं, तर तुजी भन रातच्याला संडासाला जायला का भ्यायची?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हा जुने दिवस परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. डब्लिनमध्ये जून 1963 मध्ये दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा दोन ठिकाणी घरे कोसळली; दोन वृद्ध आणि दोन लहान मुली मेल्या. त्यानंतर बॅलिमनला पंधरा मजली सात मनोरे उठले, 1916 च्या सात हुतात्म्यांची नावे त्यांना दिली. घरे मिळाली, गरम पाणी मिळाले. पण दुकान, काम आणि नात्यागोत्याची माणसे मागेच राहिली. 2015 पर्यंत ते मनोरेही पाडून झाले. गोदीत यंत्रे आणि मोठ्या पेट्या आल्या, मजूर संपले, आणि 1987 नंतर त्या धक्क्यांवर बँकांची कचेरी-नगरी उभी राहिली. गिरणगावातील धुराड्यांच्या जागी काय उभे आहे, हे तुम्हांला सांगायला नकोच.

मग या आठवणींचा उपयोग काय? आमच्या मते एवढाच: तो एकोपा गरिबीने दिला नव्हता. गरिबीने भांडणेही दिली होती. रोज एकमेकांचे तोंड पाहणारी माणसे एकाच धन्याकडे राबत होती आणि त्यांतल्या काहींनी उठून शेजाऱ्याचे दार ठोठावले, म्हणून तो घडला. आज घरोघर जेवणाचे डबे पोचविणारी मुले एकमेकांना ओळखत नाहीत; त्यांचा मुकादम हातातल्या फोनमध्ये बसला आहे, आणि सकाळच्या घोळक्याऐवजी तोच नाव पुकारतो. त्यांची गल्ली आता आपल्याला बांधावी लागेल. ती बांधताना नळावर सर्वांना जागा ठेवू, चुकलेल्यालाही. आमच्या वडिलांनी एकट्याने दिलेला खांदा चौघांचा झाला, तर संप हरूनही ते जिंकले असे आम्ही म्हणू.