मोरी किती फुटांची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं नीट करून)



मला कवितेवर बोलायला सांगितलं होतं. मी मोरीवर बोलणार आहे. न्हाणीघरातल्या नव्हे, रस्त्याखालच्या. तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या गावात कंपनीच्या प्लॉटकडं जाणाऱ्या पोचरस्त्याची आखणी चालू आहे, चुन्याच्या रेघा पडल्यात, खुंट्या ठोकल्यात, आणि पोरं खूश आहेत की रस्ता आला म्हणजे नोकरी आली. येऊ दे. मी स्वतः गोदीत माल ओढतो, रस्ता नको म्हणणारा मी नाय. पण तो रस्ता वहाळ कुठं ओलांडतो, कसा ओलांडतो, आणि वहाळाच्या खालच्या अंगाला कोण राहतं, एवढं कुणी विचारलंय का? खालच्या अंगाला कोण राहतं ते मी सांगायला नको. गाव वसवणाऱ्यांनी उंचवटा स्वतःला ठेवला आणि पाणी जिथं येऊन साचतं तिथं आपल्याला बसवलं. आता त्याच उतारावर इंजिनियर रेघ मारतो. त्याला जात दिसत नाय, त्याला फक्त लेव्हल दिसते. पण लेव्हलच आपली जात आहे, हे त्याला सांगायला आपण जातो का?

हिशेब करू. हिशेबाला घाबरू नका, मॅट्रिकपर्यंतचंच गणित आहे. समजा वहाळाला एक चौरस किलोमीटर रानाचं पाणी मिळतं. कोकणात जुलैमधे तासाला साठ मिलिमीटर पाऊस पडणं काही नवल नाही. एक चौरस किलोमीटरवर साठ मिलिमीटर म्हणजे साठ हजार घनमीटर पाणी. जमीन आधीच भिजून तर्र असते, त्यातलं साठ टक्के वाहून आलं धरा. छत्तीस हजार घनमीटर एका तासात. सेकंदाला दहा घनमीटर. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर, दर सेकंदाला एक. आता रस्त्याखाली टाकतात काय? नऊशे मिलिमीटरचे दोन सिमेंटचे नळ. एक नळ गच्च भरून सेकंदाला दोन मीटर वेगानं वाहिला तर साधारण साडेबाराशे लिटर सोडतो. दोन नळ, अडीच हजार. उरलेले साडेसात हजार लिटर दर सेकंदाला कुठं जाणार? भरावामागं. दहा मिनिटांत एकरभर खाचरात कमरेएवढं पाणी. मागं पाणी चढलं की नळातला वेग थोडा वाढतो हे खरं, पण तोवर फांद्या, पेंढा, प्लास्टिक येऊन नळाचं तोंड अर्धं बुजलेलं असतं. मग पाणी रस्त्यावरून उडी मारतं, भराव फुटतो, आणि फुटलेला भराव दगडमातीसकट खालच्या वाडीत घुसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, अतिवृष्टी.

आणि हा हिशेब रान रानच राहिलं तर. वरती प्लॉट पडले, पत्रे चढले, काँक्रीट झालं, की साठ टक्क्यांचे नव्वद होतात. तेच पाणी सेकंदाला पंधरा हजार लिटर होतं. मोरी आजच्या रानावर काढायची नसते, उद्याच्या कारखान्यावर काढायची असते. ज्या कारखान्यासाठी रस्ता, तोच रस्त्याच्या हिशेबात नाय!

तुम्ही म्हणाल, सरकारी तपासणी असेल की. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघाताची अधिसूचना आहे. तिच्यात रस्त्यांच्या सदरात राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग आहेत. प्लॉटकडं जाणारा दोन किलोमीटरचा पोचरस्ता स्वतःच्या नावानं त्या सदरात बसत नाय. मोठ्या प्रकल्पाचा भाग म्हणून आला तर अहवालात त्याची पानभर वासलात लागते. आणि गंमत ऐका. अहवालासाठी पाण्याची, हवेची माहिती एका हंगामाची गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. आपला वहाळ वाहतो चार महिने. बाकी आठ महिने ते कोरड्या दगडांचा फोटो काढतात आणि खाली लिहितात, हंगामी नाला. हंगामी म्हणजे जणू नसलेला. साला, आपली मजुरीपण हंगामीच आहे.

त्या कोरड्या दगडांत काय असतं? चैत्र-वैशाखात बाया वाळूत झिरा खणतात आणि वाटीनं पाणी भरतात. रस्त्याची माती, पोकलेननं डोंगराची कातलेली राड, कंत्राटदार सरळ वहाळात लोटतो. गाळ बसला की झिरा मेला. आणि मृगाच्या पहिल्या पाण्याला वलगण चढते, मासे अंडी घालायला उलटे वर जातात, वहाळातून खाचरात. आपली माणसं, कातकरी माणसं, त्या दोन-चार दिवसांत वर्षाचं सुकं करून ठेवतात. नळ तळापासून हातभर उंच बसवला तर त्याच्या तोंडाशी पाण्याची धार पडते, खाली डबरं पडतं आणि मासा वर चढूच शकत नाय. म्हणून नळ तळाच्या थोडा खाली बसवायचा, म्हणजे त्यात वहाळाचीच वाळू-गोटे बसतात. त्याहून बरी ती खुल्या तळाची स्लॅबची मोरी, काठापासून काठापर्यंत. खर्च जास्त येतो. येऊ दे. नळ स्वस्त पडतो तो कंत्राटदाराला, फुटला की भरतो आपण.

हे नुसतं खेड्याचं नाय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७३. पाऊस अफाट होता, कबूल. पण मिठीवर विमानतळाची धावपट्टी होती, वांद्रे-कुर्ल्याला भराव होता, काठावर झोपड्या होत्या. चितळे समितीनं नदीच्या अडलेल्या वाटेवर बोट ठेवलं, आणि नंतर उठवायची वेळ आली तेव्हा आधी झोपडी उठली. धावपट्टी कोण उठवणार? उरणकडं बघा. बंदरासाठी भराव पडले, खाडीत भरती-ओहोटीच्या पाण्याची ये-जा अडली, तिवरं गेली. २०१५ साली हरित लवादानं चार कोळीवाड्यांच्या १६३० कुटुंबांना पंच्याण्णव कोटींवर भरपाई द्यायचा हुकूम केला. हुकूम आला तोवर मासा गेला होता. खाडीजवळच्या मोरीचं आणखी एक आहे, आणि ते गोदीतल्या माणसाला शिकवावं लागत नाय. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की खालून पाणी वर ढकलतं आणि नळ असून नसल्यासारखा होतो. भरतीचं वेळापत्रक न बघता खाडीकाठी मोरी काढणारा इंजिनियर मला तरी शहाणा वाटत नाय.

आणि महाड. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट गेला. १९२७ च्या मार्चात बाबासाहेबांनी जिथं ओंजळभर पाण्यासाठी लढा मांडला, ते हेच महाड. तेव्हा प्रश्न होता पाण्याला शिवायचं कुणी. आता पाणी आपल्याच घरात येऊन आपल्याला शिवतंय. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना दामोदर नदीचं काम त्यांच्या खात्याकडं होतं, आणि अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचा ही त्यांची भूमिका होती. आपण पुतळ्याच्या हातातलं पुस्तक बघतो, पाण्याच्या फायली बघत नाय.

मग करायचं काय? भूमी अभिलेख कचेरीतून गावनकाशा काढा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार नदी-नाल्याचं पात्र सरकारच्या मालकीचं, प्लॉटवाल्याच्या बापाचं नाय, त्यामुळं नकाशातला नाला नव्या आराखड्यातून गायब झाला असेल तर तिथंच पकडा. रेघ जिथं वहाळ ओलांडते तिथं दोन्ही काठांमधलं अंतर मोजा. झाडाला अडकलेला पेंढा, भिंतीवरची पाण्याची रेघ, म्हातारीच्या आठवणीतला पूर, सगळं तारखेसकट लिहा. छोट्या पुलांसाठी आणि मोऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्यातसुद्धा पुराची पातळी ठरवताना स्थानिक लोकांना विचारावं असंच सांगितलंय. तर विचारायला या म्हणावं, बौद्धवाडीत या, पाटलाच्या ओटीवर चहा पिऊन परत जाऊ नका. जनसुनावणी असली तर तीस दिवस आधी नोटीस लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. आपण तो वाचून जायचं. घोषणा नंतर. आधी उठून एकच विचारायचं: मोरी किती फुटांची, आणि कुठल्या पावसावर काढली?

पाऊस लागायच्या आत तिन्ही गावांची मोजणी व्हायला हवी. तीस मीटरचा टेप माझ्याकडं एक आहे. आणखी दोन लागतील. कुणाकडं आहेत त्यांनी जेवणानंतर मला भेटा.