चिकूच्या बुंध्याशी बसा

डहाणूहून घोलवड-बोर्डीच्या वाटेला लागले, की चिकूच्या वाड्या सुरू होतात. समुद्राचा खारा वारा, पावसाळ्यातली झोडपणी, मग महिनोन् महिने कोरडे ऊन, हे सारे सोसून हे झाड बाराही महिने हिरवे राहते. मूळचे ते मेक्सिको, मध्य अमेरिकेकडले; पण २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, इतके ते आपले झाले.

सोशिक झाड म्हटले की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो. तलासरीकडे एका वाडीत गेलो होतो. मालक म्हणाले, "भाऊ, पाच वर्षं विहिरीवरनं खांद्यावर पाणी आणलं. ही चार झाडं बघा, कशी हिरवीगार आहेत! पण चिकू काही लागत नाही." मी पान हाती घेतले. टोकाशी खाच! चिकूचे पान टोकाला निमुळते असते. ही तर खिरणीची पाने.

त्याचे असे आहे. कालीपत्तीचे कलम आपण खिरणीच्या खुंटावर बांधतो, कारण खिरणीचे मूळ चिवट. त्या खुंटाला जोडाखालून फुटवे येतात. कोवळे असताना ते नखानेही निघतात, बरं का! राहू दिले, तर अन्नपाणी तेच ओढतात आणि वरचे कलम बिचारे वाळून जाते. म्हणून लावतानाच जोड मातीच्या वर ठेवा, आणि पहिली काही वर्षे दर पंधरवड्याला बुंध्याशी बसून पाहा.

दोन झाडांत दहा मीटर अंतर सोडा. आज ते फार वाटेल. पण पुढे फांद्या एकमेकींत शिरल्या, की आत ऊन पोचत नाही, ओल कोंडते आणि पावसाळ्यात फळे कुजून गळतात. बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका. गळलेली, भोक पडलेली फळे झाडाखाली ठेवू नका. बी पोखरणाऱ्या अळीचे तेच घर.

त्या मालकांनी तीन झाडे काढून तिथे नवी कलमे लावली. चौथे मात्र राखले. "पोरं खिरण्या खातील," म्हणाले. निघताना नव्या कलमांपाशी आम्ही दोघे वाकलो, तर एकाला जोडाखाली हिरवा डोळा फुटलेला. त्यांनीच तो नखाने खुडला.