हडळ कोणाची लेक?



भुताखेतांच्या गोष्टी आपल्याकडे कोण सांगते, असा प्रश्न अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही तालुक्यातल्या पोराला विचारा. तो आजीचे नाव सांगेल. मुंज्या कोणत्या पिंपळावर राहतो, हडळीचे पाय कसे उलटे असतात, तिन्हीसांजेला विहिरीकडे का जाऊ नये, हे सारे वाकळेत शिरून आजीकडूनच ऐकलेले असते. पुरुषमाणसेही भुताच्या गोष्टी सांगतात, नाही असे नाही. पण त्या बहुधा स्वतःच्या शौर्याच्या. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला गेलो, बांधावर कोणीतरी तंबाखू मागितली, मी मागे वळून पाहिले नाही, वगैरे वगैरे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहील अशी गोष्ट रंगवावी ती बाईनेच.

पुढे बोलपट आले, आणि ही गोष्ट आजीच्या तोंडून निघाली ती थेट पुरुषांच्या हाती गेली. १९४९ साली 'महल' आला, १९६२ साली 'बीस साल बाद' आला, १९७२ पासून रामसे बंधूंनी तर भयपटांचा कारखानाच काढला. पांढरी साडी, मोकळे केस, हातात दिवा, दूरवरून येणारे गाणे, हे चित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या चित्रात बाई दिसते, पण ती पाहण्यासाठी आणि भिण्यासाठी. ती कोण, कोणाची लेक, तिचे काय झाले, याची चौकशी चित्रपट करतो ती घाईघाईने, शेवटच्या दहा मिनिटांत.

आता आपल्या भुतांची नावे जरा सावकाश आठवून पाहा. मुंज्या म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई. हडळ म्हणजेही बहुतेक गावांत अशीच कोणीतरी, नाही तर विहीर जवळ केलेली सासुरवाशीण. म्हणजे मराठी भुतांची ही यादी एका अर्थाने गावातल्या अकाली मृत्यूंची नोंदवहीच आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात मृत्यूचे कारण लिहिलेले नसेल, पण गोष्टीत ते असते. फक्त गोष्ट सांगितली जाते ती भिणाऱ्याच्या बाजूने. मेलेलीच्या बाजूने नव्हे. आज मला ज्या चित्रपटांविषयी बोलावयाचे आहे, ते बायकांनी केलेले भयपट आहेत, आणि त्यांपैकी चांगल्या चित्रपटांनी नेमकी ही बाजू पालटलेली आहे.

आपल्या देशात पहिला चित्रपट दिग्दर्शित करणारी स्त्री फातमा बेगम. मुंबईत १९२६ साली त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला. तो मूकपट, पऱ्यांच्या राज्याचा, चमत्कारांचा. तो भयपट नव्हे. पण अद्भुताच्या वाटेने बाई प्रथम दिग्दर्शनात आली, एवढे लक्षात ठेवू आणि पुढे जाऊ.

खरा थांबा १९८० सालचा. चित्रपटाचे नाव 'गहराई'. भाषा हिंदी, पण मंडळी बरीचशी आपली. पटकथेत विजय तेंडुलकर. मुख्य भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. मुलीच्या कामात पद्मिनी कोल्हापुरे, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या. आणि दिग्दर्शन 'अरुणा-विकास' यांचे, म्हणजे अरुणाराजे आणि त्यांचे त्या वेळचे पती विकास देसाई. अरुणाराजे पुण्याच्या. डॉक्टरकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि १९६९ साली संकलनाचे शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. तंत्रज्ञ म्हणून बायका त्या संस्थेत फारशा जातच नसत, त्या काळातली ही गोष्ट. 'शक', 'गहराई' आणि 'सितम' हे तीन चित्रपट या दोघांनी मिळून केले. म्हणून 'गहराई'चे श्रेय एकट्या बाईंना देणे बरोबर होणार नाही.

गोष्ट अशी आहे. बंगळूरला नोकरी करणारा चेन्नबसप्पा नावाचा एक सुशिक्षित, करारी गृहस्थ आपली गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. तिथला म्हातारा राखणदार हात जोडून सांगतो की, मालक, ही जमीन माझी आई आहे, विकू नका. मालक ऐकत नाही. (समृद्धी महामार्गाला आपल्या जिल्ह्यातल्या जमिनी गेल्या, तेव्हा बांधावर उभे राहून रडलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावयास नको.) आणि मग शहरातल्या त्या बंद दाराच्या घरात शाळकरी मुलगी विचित्र वागू लागते. आवाज बदलतो, नजर बदलते. डॉक्टर होतात, मांत्रिक होतात. मुलीच्या तोंडून कोणीतरी दुसरेच बोलते, आणि ते बोलणे असते बापाच्या जुन्या पापाचे, शेतावरच्या एका गरीब बाईवर केलेल्या अन्यायाचे. बापाची भूमिका करणारे डॉ. लागू प्रत्यक्ष आयुष्यातही पक्के बुद्धिवादी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर दाभोळकरांबरोबर त्यांनी पुढे गावोगाव वाद-संवाद केले. पडद्यावरच्या बापाचाही भुतावर विश्वास नाही. पण मजा अशी की, त्याचा बुद्धिवाद त्याला भुतापासून वाचवीत नाही, कारण भूत जे सांगते ते खरे असते.

मांत्रिकांच्या प्रसंगांकडे शिक्षक मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. अमरीश पुरी यांनी रंगवलेला मांत्रिक मुलीला बरे करण्याच्या नावाखाली तिचाच वापर आपल्या साधनेसाठी करू पाहतो. त्या दृश्यात खरी भीती कोणती? भुताची की दार लावून घेणाऱ्या त्या माणसाची? प्रेक्षकाच्या मनातली भीती इथे हलकेच एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलेली आहे. चित्रपटात लिंबू, बाहुली, करणी हा सगळा मालमसाला आहे, आणि भूत आहे असेच तो मानून चालतो. माझ्यासारख्याला तो भाग पटत नाही. परंतु 'बाधा झालेली मुलगी काय बोलते ते आधी ऐका' हे त्यातले म्हणणे मला मोलाचे वाटते.

कारण हा प्रश्न नुसता पडद्यावरचा नाही. वर्गातली एखादी मुलगी एकाएकी गप्प होते, जेवत नाही, किंचाळून उठते. घरचे म्हणतात, बाहेरचे झाले आहे. देवऋषी येतो, उतारा होतो, मिरचीची धुरी होते. मुलीला नीट बसवून, बाई गं, तुला झाले तरी काय, कोणी काही केले का, असे कोणी विचारीत नाही. आपल्या राज्यात १९१३ नव्हे, तर चक्क २०१३ साली, दाभोळकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाल्यानंतर, नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. आधी वटहुकूम, मग डिसेंबरात विधिमंडळाची मंजुरी. भूत उतरवण्याच्या बहाण्याने कोणाला दोरीने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, हा त्याप्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तक्रार पोलीस ठाण्यातच करावयाची असते. मुख्याध्यापकांनी हे शाळेच्या फलकावर एकदा लिहून ठेवले तर बिघडत काही नाही.

'गहराई'नंतर पुष्कळ वर्षे या वाटेने बायका क्वचितच गेल्या. २०१२ साली रीमा कागती यांचा 'तलाश' आला. मुंबईतली गोष्ट, आणि तीत एक अशी बाई, की जिच्या मरणाची कोणी साधी फिर्यादही केली नाही. मग २०२० साली दोन चित्रपट आले. टेरी समुंद्रा यांचा 'काली खुही', म्हणजे काळी विहीर. पंजाबातल्या खेड्यात मारून टाकलेल्या मुलींची ही गोष्ट. विषय जबरदस्त, पण चित्रपट मला थोडा विस्कळीत वाटला. अशाच विषयावर विशाल फुरिया यांनी आधी केलेला मराठी 'लपाछपी', उसाच्या फडातल्या घराचा, अधिक घट्ट विणलेला आहे. दिग्दर्शक पुरुष असला म्हणून त्याला हे साधू नये असे थोडेच आहे?

दुसरा चित्रपट अन्विता दत्त यांचा 'बुलबुल'. १८८१ सालचा बंगाल, जमीनदाराचा वाडा, आणि थोराड नवऱ्याला दिलेली एक चिमुरडी. पुढे गावात पुरुष मरू लागतात आणि चुडैलीचे नाव होते, तिचे पाय उलटे असतात म्हणतात. हे उलटे पाय आपल्या आजीच्या गोष्टीतलेही आहेत. ते उलटे का, हे आजीने कधी सांगितले नाही, आपणही विचारले नाही. 'बुलबुल'मध्ये त्याचे उत्तर मिळते. नवरा तिचे पाय ठेचून काढतो, तेव्हा. ते दृश्य पाहवत नाही, आणि लहान मुलांना तर ते मुळीच दाखवू नये. पण ते पाहिल्यावर उलट्या पायांची गोष्ट पूर्वीसारखी हसत सांगता येत नाही.

परदेशातले एकच उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातल्या जेनिफर केंट या बाईंचा 'बाबाडूक' हा २०१४ सालचा चित्रपट. बाळंतपणासाठी बायकोला दवाखान्यात नेताना नवरा अपघातात जातो. त्याच दिवशी मुलगा जन्मतो. सहा वर्षे झाली, पोर हट्टी, आईला झोप नाही, नातलग कंटाळलेले, मुलाचा वाढदिवस म्हणजेच बापाचा मृत्युदिन. चित्रांच्या पुस्तकातून एक काळे भूत त्या घरात शिरते, आणि आईलाच आपल्या मुलाची चीड येऊ लागते. आपल्या मराठवाड्यात पदरात लेकरू आणि डोक्यावर कर्ज घेऊन मागे राहिलेल्या तरुण बायकांची घरे काही कमी नाहीत. त्यांना कोणी विचारते का, की बाई, रात्री झोप लागते का? या चित्रपटात शेवटी भूत मरत नाही. ते तळघरात राहते. आई भांड्यात त्याचे खाणे घेऊन पायऱ्या उतरते, ते गुरगुरते, ती त्याला शांत करते आणि वर येते. मुलगा बाहेर अंगणात वाट पाहत असतो.

अरुणाराजे पुढे एकट्याने चित्रपट करू लागल्या, आणि २०१९ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मराठीत 'फायरब्रँड' केला. त्यात भूत नाही, मांत्रिक नाही. उषा जाधव यांनी केलेली एक नामांकित वकील बाई आहे, जी न्यायालयात कोणालाही हार जात नाही. आणि शाळकरी वयात तिच्यावर झालेला अत्याचार अजूनही तिच्या झोपेत येतो.