चित्रावर कापड टाकणार नाही
(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



मागल्या आठवड्यात एका प्रदर्शनवाल्यानं मला बाजूला घेतलं. माझ्या चित्रात गटारात उतरणारा नागडा माणूस आहे, कमरेला दोर, काठावर कपड्यांची घडी. म्हणाला, "चित्र चांगलंय हो, पण उद्घाटनाला मोठी माणसं येतायत. एक कापड टाकू या." मी नाही म्हणालो. रात्रीतून त्यांनी चित्र उतरवलं.

हे मुंबईला नवं नाही. 1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींचं 'लव्हर्स' होतं. नागव्या पुरुषाचा हात नागव्या बाईच्या छातीवर. पोलीस म्हणाले, काढा. गडी काढीना. कलम 292 खाली खटला झाला, सुटला. सरकार हायकोर्टात गेलं, तिथंही आपटलं. आणि 2023 साली मुंबईच्या कस्टमनं त्याच पदमसींची आणि सूझांची मिळून सात चित्रं अश्लील म्हणून धरली! सूझा 2002 साली गेले, पदमसी 2020 साली. माणसं मेली, चित्रं अटकेत. ऑक्टोबर 2024मध्ये हायकोर्टानं कस्टमचा हुकूम रद्द केला. नागवं चित्र म्हणजे अश्लीलच असं नव्हे, हे परत एकदा सांगावं लागलं.

मी पदमसींच्या बाजूचाच. पण त्यांना निदान कलम लागलं, म्हणून कोर्ट मिळालं. आपल्याला सालं कलमसुद्धा लावत नाहीत. 'प्रचारकी' म्हणतात, 'अजून कच्चं आहे' म्हणतात. ह्याचं अपील कुठं करायचं?

पण खरा घाव दुसरीकडचा. आपल्यातलाच एक जण म्हणाला, "आपल्या माणसाला नागडा कशाला दाखवतोस? जगानं कमी नागवलंय का?" रात्रभर झोप नाही. त्याचं खोटं नाही. पण गटारात उतरणारा कपडे काढून ठेवतो, कारण तेच घालून त्याला घरी पोरांत जायचं असतं. ती घडी मला काढायची होती. कापड टाकलं तर घडी कुणाची ते कसं कळणार? साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. माणूस उतरतोच आहे, उतरवलं ते चित्र.

त्या मित्रालाही बोलावलंय. रविवारी संध्याकाळी चित्र आपल्या वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर टांगतोय. गटारात उतरणारे येतील, त्यांच्या घरच्या बाया येतील. त्यांनी उतरव म्हटलं तर ऐकेन, पण आधी त्यांच्याशी भांडेन. खिळे, सुतळी आहे. शिडी तेवढी कुणीतरी आणा.