पडद्यावरचा वर्ग आणि रुग्णाची खाट
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वैद्यकीय व परिचारिका महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलवर आले. पुष्कळ ठिकाणी तासाचे व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर गेले. परंतु फळ्यासमोर कॅमेरा ठेवला म्हणजे ऑनलाइन शिक्षण झाले, असे नाही.

रक्तदाब मोजण्याचाच धडा घ्या. दंडावरचा पट्टा सैल करताना धमनीतून येणारे आवाज ऐकण्याची रीत रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली. हा धडा पडद्यासाठी बसवताना त्याचे तीन भाग करावे लागतात. पहिला समजण्याचा. पहिला आवाज आला तो वरचा आकडा, आवाज थांबला तो खालचा. दहा मिनिटांच्या चित्रफितीत हे उत्तम जमते. समजले नाही तर पुन्हा ऐकता येते. दुसरा भाग विचाराचा. रुग्ण जिना चढून आला, बोलत राहिला, पट्टा जाड बाहीवरून बांधला, तर आकडा का चुकतो? यावर शिक्षकाने लहान गटात प्रश्नोत्तरे घ्यावीत. तिसरा भाग हाताचा. पट्टा किती घट्ट बांधावा, घाबरलेल्या म्हातारीला धीर कसा द्यावा, हे खाटेजवळच शिकता येते.

वैद्यकीय शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे ते माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. पडदा पहिल्या दोन पायऱ्यांना मोठा हातभार लावतो. पुढच्या दोन रुग्णालयातच चढाव्या लागतात.

म्हणून पालकांनो, "घरबसल्या नर्सिंग" अशा जाहिरातींना भुलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी वैद्यक, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपी यांच्या पदव्या पूर्णपणे ऑनलाइन देण्यास मनाई केली आहे. प्रवेशापूर्वी मान्यता तपासा. प्रात्यक्षिके कोणत्या रुग्णालयात होतात, तेही विचारा. कष्टाचा पैसा आणि मुलांची वर्षे परत मिळत नाहीत.

आणखी एक विनंती. वर्ग घरात भरला की मुलगी घरीच दिसते. म्हणून ती मोकळी आहे असे समजू नका. घरात फोन एकच असेल, तर मुलाचे झाल्यावर मुलीला, असेही नको. तासाच्या वेळी फोन तिचा, आणि तो वेळही तिचा.

विद्यार्थ्यांनो, पडद्यावर ऐकलेले वहीत उतरवा आणि वहीतले हातात आणा. अल्लाह तआला तुमच्या हातांना गुण देवो.