क्षयनिदान आता गावाच्या दारी



महाबळेश्वर-पाचगणीची ख्याती आज थंड हवेची ठिकाणे म्हणून आहे. परंतु एके काळी येथील हवा हेच अनेकांचे औषध होते. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणी येथे क्षयरुग्णांसाठी 'बेल-एअर' आरोग्यधाम स्थापन केले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. मात्र त्यावर गुणकारी औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच उपचार वैद्यकाच्या हाती होता. १९६४ मध्ये ही संस्था भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे आली. तोवर औषधे उपलब्ध झाली होती आणि क्षय बरा होऊ लागला होता.

औषध आले, तरी प्रश्न उरलाच. रोग वेळेवर ओळखायचा कसा?

विलंबाची किंमत

थुंकीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत स्वस्त व सोपी आहे. परंतु जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते साधारणतः पाच ते दहा हजार असावे लागतात. जंतू कमी असल्यास रोगी असूनही अहवाल 'नाही' असा येतो. जंतू वाढवून पाहण्याची पद्धत अधिक खात्रीची. मात्र तिला दोन ते आठ आठवडे लागतात. दरम्यान रुग्ण घरात, शेतात, बाजारात वावरत असतो. उपचार न घेणारा रुग्ण वर्षभरात निकटच्या सहवासातील ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाडीतील मजुराचा विचार करावा. नमुना देण्यासाठी एक दिवस, अहवालासाठी दुसरा दिवस. दोन्ही दिवसांची मजुरी बुडते. त्यात पावसाळ्यातील वाट आणि लाँचचा प्रवास. असा रुग्ण दुसऱ्यांदा आला नाही, तर दोष केवळ त्याचा म्हणता येणार नाही.

चिपचे कार्य

या अडचणीवर भारतीय तंत्रज्ञांनी उपाय शोधला. बंगळूरच्या बिगटेक प्रयोगशाळेने आणि गोव्याच्या मोलबायो डायग्नोस्टिक्सने 'ट्रूनॅट' ही चाचणी विकसित केली. जंतूंच्या डीएनएचा विशिष्ट भाग पुनःपुन्हा दुप्पट करणे, हे तिचे तत्त्व. एका प्रतीच्या दोन, दोनाच्या चार, अशा तीस फेऱ्या झाल्या, की प्रतींची संख्या शंभर कोटींच्या पुढे जाते. म्हणूनच थोडे जंतूही लपून राहत नाहीत.

प्रत्येक फेरीत द्रव तापवावा व निववावा लागतो. येथेच चिपचे महत्त्व आहे. तिच्यावरील खळग्यात अवघे काही थेंबांश द्रव मावते. ते झटकन तापते, झटकन निवते. म्हणून यंत्र लहान झाले व बॅटरीवर चालू लागले. एकदा वापरलेली चिप यंत्र पुन्हा स्वीकारत नाही. नमुन्यावरील प्रक्रियेसह सुमारे तासाभरात निष्कर्ष मिळतो. जंतू आढळल्यास, रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल किंवा नाही, हे पुढील तासाभरात कळते. वातानुकूलित खोली व अखंड वीज यांवाचून काम चालत असल्याने, मुसळधार पावसात वीज खंडित होणाऱ्या डोंगरी भागास हे साधन विशेष उपयुक्त आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. त्याच वर्षी करोनाच्या निदानासाठीही हीच यंत्रे देशभर वापरात आली.

या साधनाला मर्यादाही आहेत. मृत जंतूंचा डीएनएही चाचणीत दिसतो. त्यामुळे उपचाराची प्रगती पाहण्यास ती योग्य नाही. थुंकीऐवजी लाळ दिली, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. प्रशिक्षित तंत्रज्ञ, चिपचा नियमित पुरवठा आणि वापरलेल्या साहित्याची सुरक्षित विल्हेवाट यांना पर्याय नाही.

गावाचे कर्तव्य

यंत्र आरोग्य केंद्रापर्यंत येईल. रुग्णाला यंत्रापर्यंत आणणे हे गावाचे काम आहे. 'क्षयमुक्त पंचायत' उपक्रमाच्या निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी अपेक्षित आहे. पंचायत सदस्यांनी हा आकडा ग्रामसभेत विचारावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजनातील घट ही लक्षणे शिक्षकांनी मुलांमार्फत घराघरांत पोहोचवावीत. निदान झालेल्या रुग्णास निक्षय पोषण योजनेचे साहाय्य मिळते; नोव्हेंबर २०२४ पासून ते दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहे. ते वेळेवर खात्यात जमा होते की नाही, याकडे अधिकाऱ्यांनी लक्ष पुरवावे.

क्षयाचे नाव लपविण्याची प्रवृत्ती अजून गेलेली नाही. चिप जंतू शोधते. भीती मात्र माणसांनीच दूर करावयाची आहे. पाचगणीच्या आरोग्यधामात पूर्वी रुग्ण महिनोन् महिने केवळ आशेवर राहत. आज तासाभरात निदान आणि सामान्यतः सहा महिन्यांत उपचार पूर्ण होणे शक्य आहे. ही संधी डोंगरातील शेवटच्या वाडीलाही मिळाली पाहिजे.