धमकी हा वेगळा गुन्हा आहे
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले बोलणे)



मागच्या बैठकीनंतर एक ताई मागे थांबली. नाव सांगत नाही. शेजारणीला घरच्यांनी मारलं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं. पोलिसांना जबाबही दिला. आता कोर्टाचं समन्स आलंय आणि ते लोक म्हणतात, "काही पाहिलं नाही असं सांग, नाहीतर तुझ्या पोराला बघून घेऊ." ती म्हणाली, "मॅडम, भांडण माझं नाही. मी कशाला मरू?"

तिची भीती खरी आहे. पण ती धमकी हाच एक वेगळा गुन्हा आहे. मूळ केसचं काहीही होवो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २३२ प्रमाणे, खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावलं तर ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धमकी आपल्या मुलाबाळांच्या जिवाची किंवा अब्रूची असली तरी हेच कलम. आणि घाबरून आपण कोर्टात खोटं बोललो, तर खोट्या साक्षीचा गुन्हा आपल्यावर येऊ शकतो.

मग करायचं काय?

- तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि कोण हजर होतं ते त्याच दिवशी लिहा. मेसेज पुसू नका.
- पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.
- जिवाला धोका वाटला तर लगेच ११२ लावा.
- तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

आता आपली बाजूही बघू. काम अडलं की तलाठ्यावर, नर्सताईवर राग येतो. जाब विचारणं, अर्ज करणं, ग्रामसभेत बोलणं हा आपला हक्कच. पण सरकारी काम थांबवायला अंगावर गेलो तर कलम १३२ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुखापत केली तर कलम १२१, ५ वर्षांपर्यंत. म्हणून हात उचलायचा नाही, अर्ज लिहायचा.

त्या ताईनं तक्रार दिली. पोच पासबुकात जपून ठेवलीय. साक्षीच्या दिवशी गटातल्या पाच जणी तिच्यासोबत कोर्टात जाणार आहेत. तुमच्या गटात अशी कोणी असेल, तर तिला एकटीला पाठवू नका.